शोध कोणाचा, सही कोणाची?

पेटंट हा शब्द आपल्या घरात औषधाच्या बाटलीबरोबर आला. 'पेटंट औषध' म्हणजे जाहिरातीतले, हमखास गुणाचे औषध, अशी समजूत. आणि एखाद्या वक्त्याचा नेहमीचा विनोद आला की 'हा त्यांचा पेटंट विनोद' असेही आपण म्हणतो. कायद्यातील पेटंटचा या दोहोंशी फारसा संबंध नाही. ते पेटंट म्हणजे एक सौदा आहे. एका बाजूला शोध लावणारा, दुसऱ्या बाजूला सरकार, म्हणजे आपण सारे. शोधकाने आपली युक्ती लपवून न ठेवता, त्या धंद्यातील जाणत्या माणसाला ती करून पाहता येईल इतक्या स्पष्टपणे लिहून द्यायची. आणि त्याच्या बदल्यात सरकारने त्याला ठरावीक मुदतीपर्यंत इतरांना मनाई करण्याचा हक्क द्यायचा. आपल्याकडे ही मुदत आज अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे आहे. मुदत सरली की युक्ती सर्वांची.

सौदा म्हटला की माल पारखून घेणे आले. शोध नवा हवा, जाणत्याला सहज सुचला असता असा नको, आणि धंद्यात उपयोगी पडणारा हवा. यातील 'नवा' या शब्दाने भल्याभल्यांची फजिती केली आहे. 1995 साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळदीने जखम भरून येते या गोष्टीवर पेटंट मिळाले. आपल्या आज्यांना हे ऐकून हसू आले असते. पण पेटंट कचेरी आजीची साक्ष घेत नाही, तिला छापील कागद लागतो. तेव्हा भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, संस्कृत ग्रंथांतील उतारे आणि 1953 साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक लेख पुढे केला. 1997 साली ते पेटंट रद्द झाले.

विद्यापीठातील मंडळींनी यातून आपल्यापुरता एक व्यावहारिक अर्थ काढावा. दुसऱ्याचा छापील लेख जसा आपल्या पेटंटच्या आड येतो, तसाच आपला स्वतःचाही येतो. आधी निबंध छापायचा, परिषदेत टाळ्या घ्यायच्या आणि मग पेटंटचा अर्ज लिहायला बसायचे, असे केल्यास अर्ज बहुधा फेटाळला जातो. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला आपल्या कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, परंतु ती फार अरुंद आहे, आणि परदेशात ती चालेलच असे नाही. सोपा मार्ग असा की प्रथम तात्पुरता अर्ज द्यावा. पूर्ण मसुदा त्यानंतर बारा महिन्यांत दिला तरी तारीख पहिलीच धरली जाते. अर्ज दाखल केल्यावर निबंध खुशाल छापावा.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. पेटंट मिळाले, ते कोणाचे? मी आयुष्यभर कामगारांची करारपत्रे वाचत आलो आहे, म्हणून हा प्रश्न मला प्रयोगशाळेपेक्षा नेमणुकीच्या कागदात अधिक दिसतो. त्यासाठी स्ट्रेप्टोमायसीनची हकीकत सांगितली पाहिजे. चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा माणसे राहत, त्या काळी क्षय हा शब्द घरात कुजबुजत उच्चारीत असत, हे येथील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. त्या रोगाच्या जंतूवर चाललेले पहिले परिणामकारक प्रतिजैविक औषध ते हेच.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात रटगर्स विद्यापीठ आहे. तेथील शेतकी महाविद्यालयात सेलमन वॅक्समन हे मातीतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करीत. त्यांच्या हाताखाली अल्बर्ट शॅट्झ नावाचा तरुण विद्यार्थी महिना 40 डॉलर विद्यावेतनावर काम करी. क्षयाच्या जंतूंची धास्ती म्हणून त्याची जागा तळघरात. 1943 च्या ऑक्टोबर महिन्यात त्याला हवा तो जंतू सापडला. एक वाण खत घातलेल्या शेतातील मातीत, दुसरा कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यात. 1944 च्या जानेवारीत निबंध छापून आला. त्यावर तीन नावे होती: शॅट्झ, एलिझाबेथ ब्यूजी आणि वॅक्समन.

जंतू तर मातीत होताच, मग शोध कसला, असे कोणी विचारील. पेटंट नुसत्या जंतूवर नव्हते. त्याच्यापासून वेगळे काढलेले औषध आणि ते काढण्याची रीत यांवर होते. ते 1948 साली मिळाले. त्यावर नावे दोनच, वॅक्समन आणि शॅट्झ. ब्यूजीबाई निबंधावर आहेत, पेटंटवर नाहीत. दोघांनीही आपले हक्क एकेका डॉलरला विद्यापीठाच्या संशोधन निधीला लिहून दिले. शॅट्झची समजूत अशी होती की यातून कोणालाच काही मिळवायचे नाही, औषध लोकांना स्वस्त मिळावे. पुढे त्याला कळले की वॅक्समन यांचा निधीशी स्वतंत्र करार आहे आणि स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, पाचवा हिस्सा त्यांना मिळतो. 1950 च्या मार्च महिन्यात तो कोर्टात गेला. तेव्हा बाहेर आले की तोपर्यंत वॅक्समन यांना सुमारे साडेतीन लाख डॉलर मिळाले होते.

वॅक्समन यांची बाजू पोकळ नव्हती, हे न सांगणे अन्यायाचे होईल. मातीतील जंतूंची चाळणी करून औषध हुडकण्याची पद्धत त्यांनी बसविली होती, आणि त्यांच्या प्रयोगशाळेतून आधीही दोन प्रतिजैविके निघाली होती. शॅट्झ नसता तर दुसऱ्या कोणाच्या हाती तो जंतू लागला असता, असेही म्हणता येते. पण गिरणीत मालकही हेच म्हणतो: साचा माझा, कापूस माझा, तू नसतास तर दुसरा आला असता. ते खरे असले तरी त्यामुळे साच्यावर उभा असलेल्या माणसाचा वाटा शून्य ठरत नाही.

डिसेंबर 1950 मध्ये तडजोड झाली. शॅट्झ हा सहशोधक असल्याचे मान्य झाले. त्याला परदेशी हक्कांबद्दल 1,20,000 डॉलर आणि स्वामित्वधनाचे 3 टक्के मिळाले. वॅक्समन यांना 10 टक्के. आणखी 7 टक्के प्रयोगशाळेतील इतरांत वाटायचे ठरले, त्यात ब्यूजीबाईंचा वाटा 0.2 टक्के. 1952 चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वॅक्समन यांना गेले. जो कागद सुरुवातीला पाच मिनिटांत लिहिता आला असता, त्याच्यासाठी वकील उभे करावे लागले आणि गुरुशिष्यांचे नाते कायमचे तुटले.

आपल्याकडे काय आहे? पुस्तके, लेख, आकृत्या यांवरील लेखनहक्काबाबत 1957 चा कायदा स्पष्ट सांगतो की नोकरीच्या कामात लिहिलेले, उलट करार नसेल तर, मालकाचे. पेटंटच्या 1970 च्या कायद्यात नोकरदाराच्या शोधाबद्दल असे कलमच नाही. अर्ज करण्याचा हक्क खऱ्या व पहिल्या शोधकाचा, किंवा ज्याला त्याने तो लिहून दिला त्याचा. म्हणजे सारा भार त्या लिहून देण्यावर, नेमणूकपत्रावर आणि संस्थेच्या नियमांवर येतो. कलम 28 शोधकाला आपले नाव पेटंटवर नोंदवून घेऊ देते. परंतु त्याच कलमात म्हटले आहे की नाव आल्याने मालकी येत नाही. मान आणि धन ही दोन खाती आहेत. एकात जमा झाले म्हणून दुसऱ्यात झाले, असे कोणी धरून चालू नये.

विद्यापीठाने पेटंट घेतले म्हणजे विद्यापीठ कारखाना काढते असे नाही. ते कारखानदाराला परवाना देते. हा परवाना एकालाच द्यायचा की अनेकांना, यावर औषधाचा भाव ठरतो. स्ट्रेप्टोमायसीनचे सर्व हक्क आधीच्या करारान्वये मर्क कंपनीकडे जायचे होते. वॅक्समन यांनी ते सोडण्याची विनंती केली आणि कंपनीने ती मानली. मग अनेक कारखाने औषध काढू लागले आणि भाव झपाट्याने उतरला. यासाठी वॅक्समन यांना मी मोठे मानतो. उलट, एखादा शोध असा असतो की बाजारात आणण्यापूर्वी वर्षानुवर्षे पैसा ओतावा लागतो, आणि एकाधिकार मिळाल्याशिवाय कोणी पुढे येत नाही. अशा वेळी तो द्यावा, पण मुदत घालून, आणि ठरल्या वर्षात माल निघाला नाही तर परवाना परत येईल असे कलम घालून.

अमेरिकेने 1980 साली कायदा करून सरकारी पैशातील शोधांची मालकी ठेवण्याची मुभा विद्यापीठांना दिली. तसेच एक विधेयक 2008 साली आपल्या राज्यसभेत आले, पण कायदा झाला नाही. म्हणून आपल्याकडे प्रत्येक संस्थेचा नियम निराळा. शिक्षण मंत्रालयाच्या 2019 च्या धोरणात असे आहे की संस्थेची साधने व पैसा मोठ्या प्रमाणावर वापरला असेल तर मालकी संस्था व शोधक यांची संयुक्त असावी. धोरण हे मार्गदर्शन; सही होते ती स्थानिक नियमांवर. प्राध्यापकांच्या आणि शिक्षकेतर सेवकांच्या संघटनांनी पगारवाढीच्या मागणीपत्रात आपल्या संस्थेच्या या नियमांचा विषय घालावा: वाट्याचे टक्के आधी लिहिलेले असावेत, विद्यार्थ्याला सही करण्यापूर्वी कागद घरी नेऊन वाचायला मिळावा, प्रयोगाच्या वहीवर रोजची तारीख व दुसऱ्या माणसाची साक्ष असावी, आणि उपकरणे चालविणाऱ्या सहायकाने युक्तीत भर घातली असेल तर त्याचे नाव कोण ठरविणार, हेही त्यात लिहिलेले असावे.