जुन्या ट्रकचे स्टेअरिंग : ढिलाई नेमकी कुठे?

आपल्या समाजातील बरीच मुले नोकरीची वाट पाहत न बसता जुना ट्रक घेऊन धंद्याला लागली आहेत. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. यंत्राशी आमचा संबंध सायकलची चेन बसवण्यापुरता. तेव्हा स्टेअरिंगवर आम्ही लेख लिहावा याचे सभासदांना हसू येईल. परंतु भाच्याने जुना टाटा 407 घेतला, त्याच्या कर्जाला आम्ही जामीनदार राहिलो, आणि पुढे जे शिकावे लागले ते इतरांना आधीच कळावे म्हणून हा प्रपंच.

गाडी दिसायला चांगली होती. रंग नवा, इंजिनाचा आवाज साफ. घेतल्यावर महिनाभरात भाचा म्हणू लागला, "मामा, गाडी सरळ चालत नाही, सारखी सांभाळावी लागते." एका गॅरेजवाल्याने पुढचे दोन्ही टायर बदलायला लावले. ते टायर थोड्याच दिवसांत एका कडेने झिजले. मग त्याने स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला. हाताला ढिलाई कमी लागली, भाचा खूश झाला. त्यानंतर चिखलीहून सोयाबीन भरून मलकापूरला निघाला असता राजूर घाटाच्या एका वळणावर स्टेअरिंग वळले ते परत सरळ येईना. त्याने दोन्ही हातांनी ओढून आणले म्हणून गाडी कठड्याच्या अलीकडे थांबली. कर्जाचे राहू द्या, बहिणीला काय तोंड दाखवले असते?

पुढे मलकापूरकडच्या एका वयस्कर मिस्त्रींनी, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, पंधरा मिनिटांत दुखणे दाखवले. ती रीत सांगण्यापूर्वी जोडणी समजून घेऊ.

ड्रायव्हर चाक फिरवतो, ते दांड्यातून स्टेअरिंग बॉक्समध्ये जाते. बॉक्समधून खाली ड्रॉप आर्म लोंबतो, तो पुढे-मागे हलतो. त्याला ड्रॅग लिंक जोडलेली असते, ती ड्रायव्हरच्या बाजूचे चाक वळवते. त्या चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एक आडवा दांडा जातो, तो टायरॉड. हे सगळे बॉल जॉइंटांनी जोडलेले असते. आणि प्रत्येक पुढचे चाक ज्यावर वळते ती उभी जाड खीळ म्हणजे किंगपिन; दार जसे बिजागरीच्या खिळीवर फिरते तसेच. किंगपिन वर आणि खाली अशा दोन बुशांत बसते. ती किंचित तिरपी ठेवलेली असते, म्हणून वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ होऊ पाहते. बॉक्स वाजवीपेक्षा जास्त आवळला, किंवा किंगपिन ग्रीसवाचून कोरडी पडून अडकली, तर हे परतणे थांबते. आमच्या गाडीत या दोन्ही गोष्टी झाल्या होत्या.

बँकेत दिवसाचा मेळ बसला नाही तर आम्ही फरक सस्पेन्स खात्यात टाकून घरी जात नाही. कोणत्या पानावर चूक सुरू झाली ते शोधतो. बॉक्स आवळणे म्हणजे फरक सस्पेन्सला टाकणे. सांध्यातील झीज तशीच राहते, फक्त हाताला कळेनाशी होते.

आता तपासणी. दोन माणसे पुरेत. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत. पुढची चाके सरळ आणि जमिनीवरच असू द्यावीत. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे. एकाने स्टेअरिंग हळूहळू थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे हलवायचे. दुसऱ्याने बाजूला बसून पुढच्या चाकाकडे पाहायचे. चाक हलू लागेपर्यंत स्टेअरिंग किती फुकट फिरले ते त्याच्या कडेवर खडूने खूण करून मोजावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 प्रमाणे ही मोकळीक 30 अंशांहून जास्त चालत नाही. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा : 30 अंश म्हणजे फेरीचा बारावा भाग. स्टेअरिंगचा व्यास 45 सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे 141, म्हणजे कडेवर जवळजवळ 12 सेंटिमीटर. ही कायद्याची शेवटची हद्द झाली. चांगल्या गाडीत मोकळीक याहून पुष्कळ कमी असते. आमच्या गाडीत बॉक्स आवळलेला असूनही 9 भरली.

मोकळीक मोजली, आता ती कुठे हरवते ते पाहायचे. वरचा माणूस तसाच हलवत राहील. खालच्याने ड्रॉप आर्मपासून सुरुवात करून एकेका सांध्यावर हात ठेवावा. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे झीज आहे. बोटांना ती डोळ्यांआधी कळते. ड्रॉप आर्म स्वतःच उशिरा हलत असेल, तरच बॉक्सवर किंवा दांड्यावर संशय घ्यावा. बॉक्सचे बोल्ट चेसिसवर ढिले तर नाहीत, हेही याच वेळी दिसते. आमच्याकडे ड्रॅग लिंकच्या एका बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटलेली होती. आत काळ्या मातीचा चिखल जाऊन वाळला होता. ही टोपी शाबूत असावी आणि सांध्यांचे बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात, हेही त्याच नियमात लिहिले आहे. इतक्या बारीक गोष्टीसाठी सरकारने नियम केला आहे हे आम्हांला आधी ठाऊक नव्हते.

त्यानंतर पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून खाली मजबूत लाकडी ठोकळे द्यावेत; नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली जाऊ नये. टायर वर आणि खाली धरून हलवावा. खडखड जाणवली तर दोष किंगपिनमध्ये असेल किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये. दोन्हींचा आवाज सारखाच, आणि खर्चात मोठा फरक! इथे चाचांची युक्ती लक्षात ठेवावी : दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. खडखड थांबली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन. आमची राहिली. टायर डावीकडून-उजवीकडून धरून हलवल्यास टायरॉडच्या टोकांची झीज कळते.

दुरुस्तीविषयी थोडेच लिहितो, कारण ती मिस्त्रींची विद्या आहे. मात्र शेजारी उभे राहून काय पाहावे ते सांगता येईल. किंगपिनबरोबर बुश बदललेच पाहिजेत. नवा बुश बसवताना त्याचे भोक ग्रीसच्या निपलसमोर आले का ते पाहावे, नाहीतर ग्रीस आत जाणारच नाही. बुश बसवल्यावर तो रीमरने मापात आणावा लागतो. पिन हाताच्या दाबाने सरकेल इतपत. काही ठिकाणी रीमर न फिरवता घणाने पिन ठोकून बसवतात. ती अडकते आणि स्टेअरिंग पुन्हा परतेनासे होते. जुना बॉल जॉइंट काढताना त्याच्या बोल्टवर हातोडा मारत नाहीत, ज्या डोळ्यात तो बसला आहे त्याच्या बाजूवर मारतात. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही तर नट आणखी पुढे आवळावा, मागे सैल करू नये. जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये. रुपयाच्या वस्तूवर सगळे अवलंबून असते. वाकलेला टायरॉड किंवा ड्रॉप आर्म गॅसने तापवून सरळ करतो असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नको म्हणावे. हे पोलाद तापवले की त्याची ताकद जाते, आणि ते मोडायचेच असेल तर वळणावर मोडते.

सांधे बदलल्यावर बॉक्स पुन्हा योग्य मापावर आणावा, आणि चाकांचे अलाइनमेंट शेवटी करावे. आधी केले तर पैसे वाया. ढिल्या सांध्यांवर माप टिकत नाही. आमच्या नव्या टायरांचे तेच झाले होते. टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखी लागली, तर माप चुकले आहे. 2022 साली समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून मेहकरकडचे ट्रक तासाला 80 किलोमीटरच्या वेगाने तासन् तास धावतात. गावरस्त्यावर चाळीसच्या वेगात खपून जाणारी ढिलाई तिथे पुढची चाके नाचवते.

किंगपिनला ग्रीस भरताना ॲक्सल उचललेला असावा. चाकावर वजन असले की ज्या बाजूने पिन दाबली जाते तिथे ग्रीस पोचत नाही. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत भरावे. भाच्याने आता वही केली आहे : तारीख, किलोमीटर, ग्रीस, आणि खडूच्या खुणेचे माप. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचा फोन येतो. परवा म्हणाला, "मामा, तीन सेंटिमीटर. गेल्या वेळेइतकंच." मग हप्ता भरल्याचे सांगितले.