रहस्यकादंबरीविषयी अभिप्राय कसा लिहावा? : शिबिरकथेच्या आधारे

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
- रहस्यकादंबरीविषयीचे आपले मत कारणांसह मांडता येईल;
- लेखकाने माहिती कशी लपवली आहे, हे मराठीच्या प्रयोगव्यवस्थेच्या आधारे तपासता येईल;
- रहस्य न फोडता अभिप्राय लिहिता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, रहस्यकथा हा मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा प्रकार आहे. बाबूराव अर्णाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक अनेक घरांत परिचयाचे झाले. पुढे सुहास शिरवळकरांनी नव्या पिढीला या वाचनाची ओढ लावली. तरीही अशा पुस्तकावर लिहावयास सांगितले की उत्तरपत्रिकेत बहुधा दोनच वाक्ये आढळतात : ‘कादंबरी उत्कंठावर्धक आहे’ आणि ‘ती शेवटपर्यंत खिळवून ठेवते’. ही वाक्ये खोटी नसतात. परंतु ती कोणत्याही रहस्यकादंबरीला लागू पडतात. म्हणून त्यांतून ती विशिष्ट कादंबरीही कळत नाही आणि तिचा वाचकही कळत नाही. करमणुकीच्या पुस्तकाविषयी गंभीर मत कशाला, असा संकोचही काहींना वाटतो. तो बाळगण्याचे कारण नाही. आवडीने वाचलेल्या पुस्तकाविषयी नेमके बोलता येणे हीच समीक्षेची पहिली पायरी होय.

२. शिबिर हे स्थळ का निवडले जाते?

रहस्यकथेला मर्यादित माणसांचे, बाहेरच्या जगापासून तुटलेले स्थळ सोयीचे असते. उन्हाळी शिबिरात हे आयतेच लाभते. मुले घरापासून दूर असतात, परिसर अनोळखी असतो, दिनक्रम ठरलेला असतो आणि दररोज हजेरी होते. त्यामुळे एक नाव कमी भरले की कथेला आरंभ होतो. मराठीत भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने या वातावरणाची गोडी लावली. फुरसुंगीचा हा मुलगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो. मात्र त्याची साहसे घराबाहेर घडतात. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘जंगलपटात फास्टर फेणे’ या शीर्षकांतूनच स्थळाचे महत्त्व लक्षात येते.

लिझ मूर या अमेरिकी लेखिकेची ‘द गॉड ऑफ द वूड्स’ (२०२४) ही प्रौढांसाठीची शिबिरकथा आहे. ऑगस्ट १९७५ मध्ये ॲडिरॉन्डॅक पर्वतराजीतील एका शिबिरातून तेरा वर्षांची मुलगी नाहीशी होते. शिबिराची जमीन तिच्याच श्रीमंत कुटुंबाची असते आणि चौदा वर्षांपूर्वी तिचा भाऊही त्याच परिसरातून बेपत्ता झालेला असतो. या कादंबरीकडे आपण पुढे पुन्हा वळू.

३. लपवणे आणि फसवणे

रहस्यकथेत लेखक माहिती लपवतो, हे वाचकाला मान्यच असते. परंतु लपवणे आणि फसवणे यांत भेद आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यावा आणि गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही दिसावा, हे त्यांतील दोन. दोन्हींचा आशय एकच : वाचकाला न्याय मिळाला पाहिजे.

मराठीत हा न्याय व्याकरणापर्यंत पोहोचतो. इंग्रजी क्रियापद कर्त्याचे लिंग सांगत नाही. मराठीत मात्र ‘खुनी हसला’ असे लिहिताच निम्मी पात्रे संशयातून सुटतात. मग मराठी लेखक काय करतो? पुढील काल्पनिक उतारा पाहा :

‘मध्यरात्री कुणीतरी तंबूची दोरी सोडली. कंदील विझला. एक सावली तटाच्या दिशेने सरकली.’

पहिल्या वाक्यात कर्मणी प्रयोग आहे. ‘सोडली’ हे क्रियापद ‘दोरी’प्रमाणे चालते, कर्त्याप्रमाणे नाही. दुसऱ्या वाक्यात कंदील कोणी विझवला, की तो आपोआप विझला, याचा उल्लेखच नाही. तिसऱ्या वाक्यातील ‘सरकली’ हे रूप ‘सावली’ या शब्दाच्या लिंगामुळे आले आहे. सावली पुरुषाचीही असू शकते. तिन्ही वाक्ये खरी आहेत आणि तिन्ही वाक्ये व्यक्तीचे लिंग सांगत नाहीत. हे प्रामाणिक लपवणे होय.

याउलट निवेदकाने ‘तो तंबूत शिरला’ असे स्वतःच्या अधिकाराने सांगितले आणि शेवटी ती व्यक्ती स्त्री निघाली, तर वाचकाची तक्रार रास्त ठरेल. तेच विधान एखाद्या घाबरलेल्या पात्राच्या तोंडी असेल, तर मात्र तो त्या पात्राचा समज असू शकतो. म्हणून वाक्य कोणाचे आहे, हे पाहिल्याशिवाय दोष देऊ नये. यासाठी दुसरे वाचन आवश्यक असते. पहिल्या वाचनात आपण शेवटाकडे धावतो. दुसऱ्या वाचनात लेखकाची वाक्ये तपासतो.

४. वाचकाचे स्थलज्ञान

वरील शिबिर धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ल्यालगत मे महिन्यात भरले आहे, असे समजा. एक साक्षीदार सांगतो, ‘नर-मादी धबधब्यांच्या आवाजात मला हाक ऐकू आली नाही.’ दूरचा वाचक हे वाक्य सहज मान्य करील. आपल्या भागातील वाचक मात्र थबकेल. कारण पाणीमहालाजवळचे हे धबधबे बोरी नदीला पावसाळ्यात भरपूर पाणी आल्यावर कोसळतात, भर उन्हाळ्यात नव्हे. मग दोन शक्यता उरतात : लेखकाला परिसर ठाऊक नाही, किंवा साक्षीदार खोटे बोलत आहे. पुढील प्रकरणांत ही विसंगती कोणाच्या ध्यानात येते का, यावर आपला निर्णय ठरेल. आपला अनुभव हाही वाचनातील पुरावा असतो. शेती, नोकरी, संसार सांभाळून शिकणाऱ्या वाचकाजवळ असे पुरावे विपुल असतात. ते अभिप्रायात अवश्य वापरावेत.

५. अभिप्रायाचा नमुना

‘“द गॉड ऑफ द वूड्स”मध्ये कथा अनेक पात्रांच्या दृष्टीने आणि मागेपुढे होणाऱ्या काळांतून उलगडते. त्यामुळे तपासाचा वेग काही ठिकाणी मंदावतो. मात्र त्याच मांडणीमुळे आजची घटना आणि चौदा वर्षांपूर्वीची घटना यांची तुलना करता येते. मुलगी कोठे गेली या प्रश्नाबरोबरच, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. जमीनमालकांचे म्हणणे सहज ग्राह्य धरले जाते, तर तेथे राबणाऱ्या स्थानिक माणसांकडे संशयाचे बोट लगेच वळते. वाड्यात चोरी झाली की आधी गड्याची झडती, हे आपल्याकडेही अपरिचित नाही. म्हणून वेग मंदावला तरी कादंबरी मला समाधानकारक वाटली.’

या नमुन्यात गुण आहे, उणीव आहे, दोन्हींची कारणे आहेत आणि वाचकाची स्वतःची भूमिका आहे. शेवट मात्र सांगितलेला नाही. रहस्य फोडणारा अभिप्राय पुढच्या वाचकाचा पहिल्या वाचनाचा आनंद हिरावून घेतो, आणि तो आनंद एकदाच मिळणारा असतो.

६. समारोप

‘कादंबरी आवडली’ ही भावना आहे. ‘का आवडली’ याचे उत्तर पुस्तकातील वाक्यांतून देता आले की ती भावना मत बनते. रहस्यकादंबरीपुरते बोलायचे, तर लेखकाने खरे बोलून लपवले की खोटे बोलून, हा निर्णायक प्रश्न होय.

स्वाध्याय

१. ‘कुणीतरी खिडकी उघडली’ आणि ‘कुणीतरी आत आला’ या वाक्यांतील प्रयोग ओळखा. कोणत्या वाक्यात कर्त्याचे लिंग सूचित होते, ते सकारण लिहा.

२. आपण वाचलेल्या एका रहस्यकथेचे शेवटचे प्रकरण वाचून झाल्यावर पहिले प्रकरण पुन्हा वाचा. आता वेगळा अर्थ देणारी तीन वाक्ये नोंदवा.

३. त्याच कथेविषयी, रहस्य न फोडता, १५० शब्दांत अभिप्राय लिहा.