बाळाचे पहिले धान्य

जमाखर्चाच्या पत्रकांकडे वळण्यापूर्वी प्रत्येक घराशी निगडित असलेल्या एका विषयाकडे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. पुढील वैद्यकीय माहिती रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांकडून समजून घेतलेली आहे.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळास केवळ मातेचे दूध पुरते. त्यानंतर दूध चालूच ठेवावयाचे असते, परंतु ते एकटे अपुरे पडते. जन्मतः शरीरात साठलेले लोह याच सुमारास संपत येते आणि मातेच्या दुधात लोह अत्यल्प असते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळास दुधाखेरीज दररोज सुमारे २०० उष्मांकांची गरज असते. आपल्याकडे उष्टावण मुलाचे सहाव्या किंवा आठव्या आणि मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करण्याची रूढी आहे. मामाच्या सवडीसाठी समारंभ पुढे गेला तर बिघडत नाही. बाळाचे अन्न मात्र पुढे जाऊ नये, आणि सहा महिन्यांच्या आत सुरूही होऊ नये.

खरी अडचण पुढे आहे. वरणाचे पाणी, भाताची पेज, साबुदाण्याची खीर आणि चहात बुडवलेले बिस्कीट, एवढ्यावर कित्येक बाळांचे महिने जातात. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर अन्न मावते, म्हणजे आठ किलोच्या बाळास पाव लिटरहूनही कमी. ते पाण्याने भरले की बाळ शांत झोपते आणि घरच्यांस समाधान वाटते. पोषण मात्र झालेले नसते. चहामुळे तर अन्नातले लोहही अंगी लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला, तो काही अचानक उद्भवलेला नाही. येथे एक कबुली द्यावयास हवी. जुलाबातून बऱ्या होणाऱ्या बालकांस आमच्याही रुग्णालयात पूर्वी डाळीचे पाणीच 'हलका आहार' म्हणून दिले जात असे. ज्या दिवसांत बालकास अधिक अन्न हवे, त्याच दिवसांत आम्ही त्यास उपाशी ठेवीत होतो. बालरोगतज्ज्ञांच्या आग्रहाने ती पद्धत बंद झाली.

याचे उत्तर महागड्या डब्यात नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्याची शिवारे आज सोयाबीन आणि हळदीने व्यापली असली, तरी ज्वारी अजून घरात आहे. दोन भाग ज्वारी व एक भाग मुगाची डाळ निवडून, धुऊन, वाळवून वेगवेगळी भाजावी आणि बारीक दळावी. ज्वारीत जे प्रथिन-घटक कमी पडतात, ते डाळ भरून काढते. पीठ एकदा चाळावे, कारण जाड कोंड्याने लहान पोट लवकर भरते. परंतु मैद्यासारखे पांढरे होईपर्यंत चाळू नये, नाही तर धान्याचे सत्त्व चाळणीतच राहते. पाण्यात चांगले शिजवून त्यात थोडे तूप किंवा तेल घालावे. चमचा कलता केला असता लापशी पाण्यासारखी ओघळू नये, एवढी ती दाट हवी. आरंभी दोन-तीन चमचे पुरेत. एका वेळी एकच नवे धान्य द्यावे आणि तीन-चार दिवस पाहून मगच दुसरे सुरू करावे. वर्षाच्या आत मीठ-साखर नको आणि मध तर मुळीच नको.

नाचणी आपल्याकडे विकत आणावी लागते. तिच्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून शक्य असेल त्यांनी ती अवश्य आणावी. नाचणी, गहू व मूग यांना मोड आणून, वाळवून, भाजून दळल्यास त्यांतील लोह अधिक लागू पडते, शिवाय लापशी घट्ट गोळा न होता अधिक पीठ सामावून घेते. ज्वारीस मात्र मोड आणू नयेत. तिच्या कोंबात विषारी द्रव्य तयार होते. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

केवळ धान्याने लोहाची उणीव भरून निघते, असा दावा आम्ही करीत नाही. लापशीत लिंबाचे चार थेंब, पालेभाजी, आणि चालत असेल त्या घरी अंडे द्यावे. शासकीय योजनेतील लोहाचे पातळ औषध आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर मिळते, तेही सोडू नये.

२००५ साली औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथून सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने पहिल्या दोन वर्षांतील आहारावर भर दिला. दोन वर्षांखालील खुरट्या वाढीच्या बालकांचे राज्यातील प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत २४ टक्क्यांच्या आसपास आले. याचे श्रेय एकट्या आहारास देता येणार नाही, तरी त्याचा वाटा मोठा मानावा लागेल.

दिवाळीनंतर ऊसतोडीस निघणाऱ्या कुटुंबांची आम्हांस विशेष चिंता वाटते. माता पहाटेच फडात जाते आणि बाळ कोपीवर मोठ्या भावंडाच्या हाती राहते. अशा मातांना निघण्यापूर्वी रुग्णालयात भाजक्या पिठाची कृती करून दाखविली जाते. पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, ओला चमचा घालू नये, आणि पंधरा दिवसांपुरतेच दळून घ्यावे. लापशी प्रत्येक वेळी ताजी शिजवावी. सकाळची उरलेली दुपारी बाळास देऊ नये, ती भावंडाने त्याच वेळी खाऊन टाकावी.