फडताळांतली बाटली आणि मनांतली धास्ती

आमच्या घरचें फडताळ म्हणजे एक लहानसें औषधालयच आहे. वरच्या खणांत मोरांवळा, च्यवनप्राश व सुंठीचा डबा. मधल्या खणांत दादांच्या हृदयविकाराच्या गोळ्या. आणि खालच्या खणांत, गेल्या चार-पांच वर्षांत, रंगीबेरंगी झांकणांच्या बाटल्यांची एक नवीच वसाहत झाली आहे. कोणती केसांसाठीं, कोणती सांध्यांसाठीं, आणि अलीकडे तर मन स्वस्थ राहावें म्हणूनहि! या शेवटच्या जातीच्या बाटलीनें आमच्या घरीं जो प्रसंग आणला, तो सांगितल्यावांचून या विषयाला हात घालणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

आमच्या वहिनी पासष्टीच्या आंतबाहेरच्या. पंधरा वर्षें थायरॉइडची गोळी पहांटे उपाशी पोटीं नियमानें घेणाऱ्या. गतवर्षीं त्यांच्या भजनी मंडळांतील एका बाईंनीं त्यांस अश्वगंधेच्या कॅप्सूल सुचविल्या. "जीव घाबरा होतो ना, त्यावर फार चांगल्या. शिवाय आपलें आयुर्वेदिक, अपाय कसला?" हें शेवटचें वाक्य आमच्या समाजांत इतकें चलनी आहे, कीं नाणें खरें कीं खोटें हें वाजवून पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं. वहिनींनीं रोज दोन कॅप्सूल सुरू केल्या. पहिले कांहीं दिवस झोंप बरी लागली. पुढें महिना-दीड महिन्यानें छाती धडधडूं लागली, हात थरथरूं लागले, वजन उतरलें. आपली धास्तीच वाढली असें समजून त्यांनीं दोनाच्या तीन केल्या! डॉक्टरांनीं विचारलें, "दुसरें कांहीं घेतां का?" वहिनी म्हणाल्या, "छे, कांहीं नाहीं." त्या मुद्दाम खोटें बोलल्या असें नव्हे; घरगुती वस्तु औषधांत कशी मोजावयाची, एवढाच त्यांचा हिशेब. बाटली सांपडली ती सूनबाईंना, तांदुळाच्या डब्यामागें. रक्त तपासलें तेव्हां थायरॉइडच्या द्रव्याचें प्रमाण नको तितकें चढलेलें निघालें.

अश्वगंधेवर आमचा राग नाहीं. ही आपली आस्कंद, वांगीं-बटाट्यांच्या कुळांतली. ओल्या मुळीला घोड्यासारखा वास येतो म्हणून हें नांव. पाश्चात्य वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तिला 'सोम्निफेरा', म्हणजे झोंप आणणारी, म्हटलें आहे. मध्य प्रदेशांत नीमच-मंदसोरकडे तिचें मोठें पीक निघतें. तिच्या गुणांची आधुनिक पद्धतीनें परीक्षाहि झाली आहे. 2012 सालीं हैदराबाद येथील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत ताणानें त्रस्त अशीं 64 माणसें घेऊन निम्म्यांना मुळीच्या अर्काच्या 300 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसांतून दोनदां, 60 दिवस दिल्या. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या निर्गुण कॅप्सूल. अर्क घेणारांचा ताण दुसऱ्यांपेक्षां अधिक उतरला, व कॉर्टिसोल नांवाचें ताणाच्या वेळीं वाढणारें द्रव्यहि रक्तांत कमी झालें. तेव्हां वहिनींच्या मैत्रीण अगदींच हवेंत बोलत नव्हत्या. मात्र असे बहुतेक प्रयोग थोड्या माणसांवरचे आणि दोन-तीन महिन्यांचे आहेत. तीच वस्तु वर्षानुवर्षें घेतल्यास काय होतें, यासंबंधीं त्यांवरून कांहींच म्हणतां येत नाहीं.

आणि ज्या वस्तूंत गुण आहे तिच्यांत अवगुणहि असावयाचाच. 2018 सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत, थायरॉइडची ग्रंथि किंचित् मंद असलेल्या 50 जणांपैकीं ज्यांना अश्वगंधा दिली त्यांच्या रक्तांतील थायरॉइडचीं द्रव्यें आठ आठवड्यांत वाढलेलीं आढळलीं. मंद ग्रंथीला हा टेंकू वाटेल. पण जी बाई आधींच त्या द्रव्याची गोळी घेत आहे, तिला हा दुहेरी धक्का होऊं शकतो. छातींत धडधड, थरथर, निद्रानाश हीं थायरॉइड वाढल्याचीं लक्षणें आणि हींच धास्तीचींहि. म्हणून वहिनींनीं विकारालाच आणखी खाद्य घातलें. कॅप्सूलमुळेंच हें झालें असें छातीठोकपणें सांगतां येणार नाहीं, असें आमचे डॉक्टर म्हणाले. मात्र त्या बंद केल्यावर दोन महिन्यांनीं पुन्हां रक्त तपासलें, तें ठीक आलें.

यकृताचीहि गोष्ट आहे. 2020 सालीं आइसलंड व अमेरिका येथील डॉक्टरांनीं अश्वगंधा घेतल्यावर कावीळ झालेल्या पांच रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. डेन्मार्कनें तर 2023 सालीं तिच्यावर बंदीच घातली. ही बंदी आम्हांस अतिरेकाची वाटते. परंतु गर्भवती स्त्रिया, यकृताचे व थायरॉइडचे रोगी, झोंपेच्या गोळ्या घेणारे, आणि मधुमेह वा रक्तदाब यांवर औषधें चालू असलेले यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून तिला स्पर्श करूं नये, हें सांगण्यांत अतिरेक नाहीं. मुळीऐवजीं पानें वापरूं नयेत, असें आपल्या आयुष मंत्रालयानेंहि 2021 सालीं उत्पादकांस बजावलें आहे. चष्मा लावून बाटलीवरील बारीक अक्षरें वाचण्याचें कष्ट अवश्य घ्यावेत. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर 'औषधी उपयोगासाठीं नाहीं' असें छापणें आपल्याकडे कायद्यानें आवश्यक आहे. जाहिरात एक सांगते आणि बाटली दुसरेंच!

आतां आमच्यासारख्या शाकाहारी कुटुंबांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट. वहिनींच्या त्याच तपासणींत बी-12 जीवनसत्त्वहि कमी निघालें. हें जीवनसत्त्व 1948 सालीं शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. तें वनस्पतींत मिळत नाहीं. शाकाहारी माणसानें काय तें दूध, दहीं, ताक यांवर भागवावयाचें. आणि ज्या घरांत दुधाचा मोठा वांटा मुलांकडे व चहाकडे जातो, तेथें बायकांच्या वांट्याला किती येतें, हें ज्याचें त्यानें आपल्या स्वयंपाकघरांत डोकावून पाहावें. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं ही उणीव आपल्याकडे किती पसरली आहे हें अनेक वर्षांच्या संशोधनानें दाखविलें आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारांत ती आणखी वाढूं शकते. हातापायांस मुंग्या, थकवा, विसराळूपणा, चिडचिड अशीं तिचीं लक्षणें. येथें मात्र गोळी वा इंजेक्शन हा खराच उपचार आहे. परंतु उणीव नसतांना केवळ मन शांत व्हावें म्हणून तें घेण्यांत पैशाच्या नासाडीपलीकडे विशेष कांहीं साधेल असें वाटत नाहीं.

बी-6 चीहि हल्लीं बोलबाला आहे. इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठाच्या 2022 सालच्या एका प्रयोगांत महिनाभर रोज 100 मिलिग्रॅम घेणाऱ्या तरुणांनीं आपली धास्ती थोडी कमी झाल्याचें सांगितलें. गंमत अशी, कीं हेंच जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणांत दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतु बिघडून हातापायांस मुंग्या येतात. मॅग्नेशियमचा पुरावा तूर्त लंगडा आहे. तें तीळ, बाजरी, नाचणी, शेंगदाणे यांत भरपूर असतें, आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांनीं त्याच्या गोळ्यांपासून दूरच राहावें. दुपारीं चारनंतरचा तिसरा-चौथा चहा बंद करणें हा यापेक्षां स्वस्त प्रयोग! आमच्या घरीं तो अद्याप कोणीं केलेला नाहीं.

इतकें लिहून झालें तरी आमचें मन एका प्रश्नापाशीं अडतें. वहिनींनीं ती बाटली तांदुळाच्या डब्यामागें कां ठेवली? बारा माणसांच्या घरांत "मला अशक्तपणा वाटतो" असें म्हणतां येतें. लगेच कोणी लाडू करतें, कोणी टॉनिक आणतें. "मला भीति वाटते" असें मात्र घरच्या मोठ्या सुनेला म्हणतां येत नाहीं. म्हटलें तर "तुम्हांला काय कमी आहे?" हा प्रश्न उत्तर म्हणून येतो. आम्हीं स्वतः तो विचारलेला आहे. तेव्हां दुसऱ्यास दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. धास्ती महिनोन्‌महिने टिकली, झोंप व कामधाम बिघडवूं लागली, तर तो विकार होय, आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञाशीं ठराविक पद्धतीनें होणारें संभाषण व, जरूर तर, औषधें यांचा आधार कोणत्याहि कॅप्सूलपेक्षां कितीतरी भक्कम आहे. घराबाहेर पडणें जड वाटत असेल त्यांना केंद्र सरकारनें ऑक्टोबर 2022 मध्यें सुरू केलेल्या टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर मराठींत विनामूल्य बोलतां येतें.

आमच्या डॉक्टरांनीं वहिनींस अशाच एका तज्ज्ञ बाईंकडे पाठविलें. दोन वेळां वहिनी गुडघ्यांविषयींच बोलल्या. तिसऱ्या खेपेस दादा बरोबर गेले होते. त्या दिवशीं बाईंनीं विचारलें, कीं रात्रीं नेमकी कोणत्या वेळीं जाग येते? वहिनी म्हणाल्या, "दोन वाजतां. यांना झटका आला तो दोनलाच. तेव्हांपासून उठतें, आणि यांचा श्वास चालू आहे ना, तें ऐकत बसतें." दोन वर्षें त्याच खोलींत, चार हातांवर निजणाऱ्या दादांना हें त्या दिवशीं कळलें.