आर्यभटाचा अर्धा आणि खोडदची डिश

पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले तीन. सूचीच्या, म्हणजे पिरॅमिडच्या घनफळाचं हे सूत्र आपण शाळेत घोकलं. आर्यभटाने ते चुकवलं होतं हे कळल्यापासून त्या चुकीने माझा पिच्छा सोडलेला नाही. इ. स. ४९९च्या ‘आर्यभटीया’त, गणितपादाच्या सहाव्या श्लोकात आधी त्रिकोणाचं क्षेत्रफळ येतं: अर्धा पाया गुणिले उंची. लगेच पुढे षडश्री, सहा कडांचा चतुष्फलक. आणि तिथेही तोच अर्धा! कड १२ धरली तर या नियमाने उत्तर ३०५च्या वर जातं. खरं घनफळ २०४ सुद्धा भरत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं सांगणाऱ्या माणसाने एक पोकळ सूची वाळूने भरून, ओतून पाहिली नसेल?

भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने ६२८ साली तृतीयांश लिहून ठेवला. पुढच्याच वर्षी, ६२९मध्ये, पहिल्या भास्कराने आर्यभटीयावर भाष्य लिहिलं आणि अर्धाच पुढे चालवला. याला मी गुरुनिष्ठा म्हणतो, गणित नव्हे. ब्रह्मगुप्त तरी कुठला सरळ? आर्यभटाचे दोष काढायला त्याने अख्खा अध्याय खर्ची घातला. शिवाय पुढे उत्तरेत मूळ आर्यभटीय दुर्मीळ झालं. १८१७मध्ये भारतीय बीजगणिताचं इंग्रजी भाषांतर छापणाऱ्या कोलब्रुकलाही ते मिळालं नाही. आर्यभट त्याला भेटला तो बराचसा विरोधकाच्या तोंडून.

आर्यभटीयाचं हस्तलिखित उजेडात आणलं आपल्या मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६४च्या सुमारास. १८६५मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट जाहीर केली: चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख. ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा (म्हणजे दुसऱ्या भास्कराचा) नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याला १२०७मध्ये मिळालेल्या दानाची ही नोंद. म्हणजे चुकलेला अर्धा आणि बरोबर तृतीयांश शिकवणारं घराणं, दोन्ही सापडली एकाच डॉक्टरांना. पेशाने वैद्य, छंदाने हे सारं!

तृतीयांश ‘लीलावती’च्या खातव्यवहारात आहे, आणि खात म्हणजे खणलेला खड्डा. भास्कराचार्यांना शंकूचं कौतुक नाही. मजुरांनी किती माती काढली, हे त्यांना हवं. एक वापी, म्हणजे विहीर, तोंडाशी १२ हात लांब, १० हात रुंद. तळाशी दोन्ही निम्मी. खोली ७ हात. तोंडाचं क्षेत्रफळ १२०, तळाचं ३०, दोन्हींच्या बाजूंच्या बेरजांचं (१८ गुणिले १५) २७०. एकूण ४२०, भागिले ६, गुणिले ७: ४९० घनहात. तळ शून्य केला की याच नियमातून तृतीयांश आपोआप बाहेर पडतो. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात देखणा हिशेब हाच.

मग आर्यभटाचा अर्धा वाऱ्यावर सोडायचा? काही आधुनिक पंडितांनी श्लोकाचा अर्थच वाकवून त्याला निर्दोष ठरवायचा खटाटोप केला. मला तो केविलवाणा वाटतो. त्या अर्ध्याची खरी जागा नारायणगावच्या पूर्वेला, खोडदला आहे.

तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मध्यवर्ती आवारात, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर. आकार पॅराबोलाचा, म्हणजे अन्वस्ताचा. तो अक्षाभोवती फिरवला की होते ती वाटी. नाभी तळापासून साधारण साडेअठरा मीटरवर, त्यावरून वाटीची खोली पावणेसात मीटरच्या थोडी वर येते. अन्वस्तात त्रिज्येचा वर्ग उंचीच्या प्रमाणात वाढतो, म्हणजेच आडव्या छेदाचं क्षेत्रफळ तळाशी शून्य, काठाशी पूर्ण, आणि मधे एकसारखं चढत जाणारं. सरासरी नेमकी अर्धी. आर्किमिडीजने हे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध केलं होतं. त्रिकोणात रुंदी जशी वाढते तसं इथे क्षेत्रफळ वाढतं. आर्यभटाने त्रिकोणावरून जो तर्क सूचीवर लादला असावा, तो या वाटीला चपखल बसतो. सुमारे ५,४०० घनमीटर. तृतीयांश लावला तर १,८०० घनमीटर गायब!

अर्थात, या वाटीत पाण्याचा थेंबही राहणार नाही. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याचा खर्च टाळला: पोलादी नळ्यांच्या १६ अन्वस्त शिरा, त्यांच्यामध्ये तारांच्या दोरांच्या कैच्या, त्यांवर ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस तारेची जाळी. जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची. वारा आरपार जातो. २१ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब रेडिओलहरींना मात्र ती भोकं दिसतच नाहीत, सगळं सपाट पत्र्यासारखं.

आता मुद्दा असा की जाळीचे तुकडे सपाट असतात, त्यामुळे वाटी काटेकोर गोल नाही. सोप्या हिशेबासाठी शिरांमधल्या तारा सरळच ताणल्यात असं धरू. मग प्रत्येक आडवा छेद सोळा बाजूंचा बहुभुज, क्षेत्रफळ वर्तुळाहून अडीच टक्क्यांनी कमी. पण प्रत्येक पातळीवर सारखंच कमी. म्हणून घनफळ अडीच टक्क्यांनी घटतं आणि तो अर्धा जागचा हलत नाही.