पाच लाख बारा हजार वाटा

१२ ऑगस्ट २०१४ रोजी जगात अनेक ठिकाणी इंटरनेट अडखळले. कुठे केबल तुटली नव्हती, हल्लाही झाला नव्हता. इंटरनेटवरच्या जाळ्यांकडे जाणाऱ्या वाटांची जागतिक यादी त्या दिवशी ५,१२,००० नोंदींपलीकडे गेली, आणि सिस्कोच्या काही जुन्या, भरवशाच्या राउटरांत तेवढ्याच नोंदींना जागा राखलेली होती. गंमत अशी की मेमरी संपली नव्हतीच. उरलेला भाग आयपीव्ही६ साठी बाजूला ठेवला होता. ही वाटणी बदलून यंत्र पुन्हा सुरू करावे, हे कंपनीने मे महिन्यातच कळवले होते. ज्यांनी वाचले नाही, त्यांचे ग्राहक अडकले.

छोट्या इंटरनेट पुरवठादाराने साधा सर्व्हर आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर घेऊन स्वतःचा राउटर उभा करावा का, या प्रश्नाचे मूळ इथे आहे. राउटर दोन कामे करतो. शेजारच्या जाळ्यांकडून बीजीपी या भाषेत वाटा शिकणे हे पहिले. हाती आलेले प्रत्येक पॅकेट त्यातल्या योग्य वाटेला लावणे हे दुसरे. महागड्या राउटरांत दुसरे काम खास चिप करते आणि तिची शोधमेमरी मोजकीच असते. सर्व्हरमध्ये यादी साध्या रॅममध्ये राहते. आज ती दहा लाखांच्या आसपास आहे, तरी काही जीबीत आरामात मावते.

मग अडते कुठे? वेगात. दहा गिगाबिटच्या तारेवरून ६४ बाइटांची, म्हणजे सर्वांत लहान, पॅकेटे आली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार होतात. एकेका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. मुख्य मेमरीपर्यंतची एक फेरीसुद्धा याहून जास्त वेळ घेऊ शकते. तीच तार १५०० बाइटांच्या पॅकेटांनी भरली, तर संख्या सव्वाआठ लाखांच्याही आत येते. लोक सिनेमे पाहतात तेव्हा बहुतांश पॅकेटे मोठीच असतात, त्यामुळे एरवी साधे लिनक्स सहज निभावते. लहान पॅकेटांचा मारा होतो तो हल्ल्याच्या दिवशी. म्हणून यंत्र विकत घेताना ‘किती गिगाबिट’ एवढेच विचारू नये. ‘सेकंदाला किती पॅकेटे’ हेही विचारावे. नेटवर्क कार्ड काम अनेक कोअरमध्ये वाटून देणारे हवे आणि मेमरी स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी. वीजपुरवठ्याचे दोन संच हवेत हे सांगायला नको.

लिनक्स कमी पडले तर व्हीपीपी आहे. ते पॅकेटे एकेक न हाताळता घाण्यावर काढल्यासारखी जथ्याने हाताळते, म्हणजे त्याच सूचना प्रोसेसरला पुन्हा पुन्हा आणाव्या लागत नाहीत. २०१६ मध्ये ते खुले केले, तेही सिस्कोनेच!

वाटा शिकण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बर्ड हे मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून ते जन्मले. आज चेक डोमेनचा कारभार पाहणारी संस्था ते सांभाळते, आणि युरोपातल्या मोठ्या एक्सचेंजांवर ते चालते. दुसरे एफआरआर. त्याची वंशावळ बोलकी आहे: १९९६ चे झेब्रा, त्यातून क्वागा, त्यातून २०१७ मध्ये एफआरआर. दोन्ही वेळा मूळ प्रकल्प मंदावला आणि इतरांनी कोडची प्रत घेऊन काम पुढे नेले. बंद राउटरचा उत्पादक आधार थांबवतो तेव्हा असे करता येत नाही.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे यापेक्षा ते नीट लावणे महत्त्वाचे, कारण बीजीपी मुळात शेजाऱ्याच्या शब्दावर चालते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरते यूट्यूब अडवण्यासाठी घातलेली चुकीची वाट बाहेर पसरली आणि जगाचे यूट्यूब दोनेक तास बंद पडले. ‘ही वाट सांगण्याचा अधिकार तुला आहे का’ हे आता आरपीकेआयने तपासता येते. बर्ड आणि एफआरआर दोन्हींत ती सोय आहे, पण ती चालू करावी लागते.

हे स्वस्त पडते का? यंत्र पडते, माणूस पडत नाही. संपूर्ण रचना एकाच माणसाच्या डोक्यात असेल आणि तो गावाला गेला असेल, तर मदतीच्या करारासह घेतलेला बंद राउटर बरा. दोघे-तिघे जाणकार असतील तर बचतीतून दुसरे तसेच यंत्र घ्यावे, आणि अधूनमधून पहाटे तीनला पहिले मुद्दाम बंद करून रहदारी दुसऱ्यावर किती सेकंदांत जाते ते घड्याळ लावून पाहावे.