पिकअप वावरात का अडते?

सभासद बंधूंनो, ऊस कारखान्यावर येतो तो बहुतेक ट्रॅक्टर-ट्रॉलीतून. पण बेणं, खत आणि तोडणीचं सामान आता पिकअपवरच असतं. बेणं भरलेली गाडी धुऱ्यावर अडली की डोळे सुकायला लागतात, आणि लागवडीला आलेल्या मजुरांची हजेरी द्यावी लागते ती वेगळीच. मग आपण म्हणतो, "जुनी गाडी असा दगा देत नव्हती." हे अर्धंच खरं आहे. जुन्या गाडीचं काम वरचेवर निघे, ते आपण विसरलो.

जुन्या डिझेल इंजिनात सारा कारभार लोखंडाचा. पंप दाब देई, नोझल उघडे, डिझेल फवारलं जाई. बिघाड हळूहळू कळे. धूर वाढे, ओढ कमी होई, पण गाडी रडतखडत मिस्त्रीपर्यंत पोचे.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज-६ चे धुराचे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या पिकअपमध्ये डिझेल हजार बारहून जास्त दाबाने एका सामायिक नळीत साठवलेलं असतं, आणि कोणत्या क्षणी किती सोडायचं हे एक लहानसा कॉम्प्युटर ठरवतो. सेन्सर हे त्याचे डोळे-कान. एखाद्या सेन्सरने चुकीची खबर दिली, की इंजिन वाचवण्यासाठी कॉम्प्युटर ताकदच कमी करतो. इंजिन धडधाकट, पण गाडी बैलाच्या चालीने! दोष पुष्कळदा किरकोळ असतो: उंदराने कुरतडलेली वायर, नाहीतर चिखलपाण्याने गंजलेली पिन. पण तो पान्याने सापडत नाही. त्याला स्कॅनर लागतो, आणि गावच्या मिस्त्रीकडे बहुधा तो नसतो. खरी अडचण ही आहे.

दुसरी भानगड काजळीच्या जाळीची. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत ती सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली असते. अडकलेली काजळी सुमारे ६०० अंश उष्णतेला जळते. घर ते वावर अशा कोसभराच्या फेऱ्यांत तेवढी उष्णता येतच नाही, जाळी तुंबते आणि समोर दिवा लागतो. तो लागताच पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी अमरावती-अकोल्यासारख्या मोठ्या रस्त्यावर काही वेळ एकसारख्या वेगाने चालवली, तर जाळी बहुधा मोकळी होते. रिकामं फिरून डिझेल कशाला जाळायचं, असं कुणी म्हणेल. नव्या जाळीची किंमत एकदा विचारून पहावी.

ड्रममधल्या डिझेलात पाणी असेल तर या बारीक नोझलांचा निकाल लागतो. म्हणून फिल्टरखालचं पाणी वेळच्या वेळी सोडावं. फाळक्याला वेल्डिंग करताना आधी बॅटरीच्या तारा काढाव्यात, नाहीतर करंट कॉम्प्युटरपर्यंत जातो.

२०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागू झाले आहेत, म्हणजे ही यंत्रणा ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरातही आली. तेव्हा नवं वाहन घेताना सूट किती मिळते हे मागून विचारा. आधी विचारा, स्कॅनरवालं वर्कशॉप परतवाड्यात, मूर्तिजापुरात आहे की थेट अकोल्याला जावं लागेल, आणि हंगामात त्यांचा माणूस वावरापर्यंत येतो का.